क्षिप्राची फाइल

एकोणसाठ सालच्या मार्च महिन्यात हरिदासराव सबनीसांना हॉलंडहून एक पत्र आलं होतं. त्या पत्राला त्यांनी कधी उत्तर दिलं नाही.

म्हणजे द्यायचं नाही असं ठरवलं होतं, असं मुळीच नाही. ठरवलं असतं तर काही प्रश्नच नव्हता. राज्यकारभाराचं शिक्षण देणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं त्यांना वर्षभराच्या अभ्यासक्रमाला जागा दिली होती, जाण्यायेण्याचं भाडंही देऊ केलं होतं, आणि 'आपला निर्णय पत्रानं कळवावा' एवढीच विनंती केली होती. हरिदासराव तेव्हा दिल्लीत एका मंत्रालयात असिस्टंट होते. त्यांनी सतरा जणांचं मत घेतलं. नऊ जण म्हणाले जा, आठ जण म्हणाले जाऊ नका, आणि त्या नवांतला एक जण दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर गाठून म्हणाला, की त्याचा विचार फिरला आहे. एवढं होईपर्यंत मुदत टळली. मग उशिरा उत्तर द्यायची लाज वाटू लागली. पुढे उशीर इतका झाला, की लाजेचीसुद्धा मुदत टळून गेली. पत्र मात्र राहिलं. मोठ्या शब्दकोशात हरिदासरावांनी ते ठेवलं होतं, आणि कुठलाही शब्द शोधायला गेलं की शब्दकोश आपणहून त्याच पानावर उघडायचा.

आता सत्त्याण्णव साल होतं. छत्तीस वर्षांची नोकरी पुरी करून आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन हरिदासराव फरिदाबादच्या एका सेक्टरमध्ये, सोसायटीच्या तळमजल्यावर राहत होते. सोबत पत्नी इंदुमतीबाई, दोन कपाटं पुस्तकं आणि नात क्षिप्रा. क्षिप्राचे आईवडील बडोद्याला. ती दिल्लीच्या कॉलेजात शिकायला म्हणून आजी-आजोबांकडे आली आणि चार वर्षं राहिली. सेक्टरला सकाळी सहा ते साडेसहा पाणी यायचं. त्या अर्ध्या तासात भरायच्या बादल्या, समोर रोज एक मजला चढणाऱ्या नव्या इमारती आणि त्यांच्यासाठी येणारे टँकर बघून बघून क्षिप्राच्या डोक्यात एक प्रश्न घुसला: हे पाणी कुणाला किती द्यायचं, हे ठरवतं कोण? चौकशी करता तिला कळलं, की हे शिकवणारं एक शास्त्र आहे आणि त्याला पब्लिक पॉलिसी म्हणतात.

मार्चच्या शेवटी तिला अमेरिकेतून दोन लिफाफे आले. एक राजधानीतल्या नामांकित विद्यापीठाचा. जागा होती, शिष्यवृत्ती नव्हती. दुसरा मधल्याच कुठल्याशा राज्यातल्या एका लहान गावातल्या विद्यापीठाचा. जागाही होती आणि पूर्ण शिष्यवृत्तीही. दोन्हीकडे सही करून परत पाठवायचा एकेक फॉर्म होता, आणि दोन्हीकडे अट एकच: फॉर्मच्या पाकिटावर पंधरा एप्रिलपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा.

"आजोबा, तुम्हीच सांगा," क्षिप्रा म्हणाली. "बाबा म्हणतात आजोबांना विचार, त्यांनी छत्तीस वर्षं सरकार चालवलंय."

"चालवलं नाही ग," हरिदासराव घाईघाईनं म्हणाले. "मी फक्त पुढे पाठवत होतो."

हे विनयानं म्हटलेलं नव्हतं, ती वस्तुस्थिती होती. छत्तीस वर्षांत त्यांनी सुंदर अक्षरात हजारो टिपणं लिहिली, आणि प्रत्येकाचा शेवट एकाच वाक्यानं केला: 'आदेशासाठी सादर.' आदेश नेहमी वरचा माणूस द्यायचा. हरिदासरावांना वरचं होण्याची भीतीच वाटायची.

"तसं नाही यार आजोबा. मला तुमचं मत हवंय. लहान गाव मला आवडतंय, पण ते खरंच आवडतंय की फुकट आहे म्हणून आवडतंय, तेच कळत नाहीये. कुणीतरी क्लिअर बोललं ना, की मला कळेल."

हरिदासरावांना एकोणसाठ साल आठवलं. ते म्हणाले, "प्रकरण गंभीर आहे. फाइल उघडावी लागेल."

आणि त्यांनी खरोखर उघडली. कपाटातून जुनं बदामी कव्हर काढलं, उजवीकडे-डावीकडे भोकं पाडली, हिरवी फीत ओवली. एका बाजूला पत्रव्यवहार, एका बाजूला टिपणांचे कोरे कागद. वर ठळक अक्षरात 'विषय: कु. क्षिप्रा हिचे परदेशी उच्च शिक्षण, स्थळनिश्चिती व अर्थसाहाय्य'. राजधानीच्या पत्राला खुणेची चिठ्ठी, म्हणजे फ्लॅग 'अ', लहान गावाच्या पत्राला फ्लॅग 'ब', शिष्यवृत्तीच्या पत्राला फ्लॅग 'क'. फॉर्म मूळचेच लावले. क्षिप्रा म्हणाली झेरॉक्स लावा, तेव्हा त्यांनी तिच्याकडे, देवाला प्लास्टिकचं फूल वाहायला सांगितल्यासारखं पाहिलं. फाइलीत मूळ कागदच असतो. नकलेवर कोणी मत देत नाही.

मग माहिती गोळा करायला ते दिल्लीला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अमेरिकन वाचनालयात गेले, आणि तिथेच अडकले. सात दिवस रोज. त्यांना कळलं, की त्या लहान गावात नदी आहे आणि ती जानेवारीत इतकी गोठते की तिच्यावरून माणसं चालतात. तिथलं ग्रंथालय रात्री बारापर्यंत उघडं असतं. तिथल्या पाणीपुरवठ्यावर एका प्राध्यापकबाईंनी चारशे पानांचं पुस्तक लिहिलं आहे. ते पुस्तक त्यांनी तिथेच बसून वाचलं, आणि पाण्याचं बिल कसं आकारावं या प्रकरणाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते नीट मांडलं होतं. घरी आल्यावर ते इंदुमतीबाईंना सांगायचे, "तिथे सहा नंबरची बस ग्रंथालयापाशी थांबते."

"तुम्ही चाललाय का ती?" इंदुमतीबाई विचारायच्या.

हीच तर शंका त्यांना खात होती. एवढं आवडतंय ते तिच्यासाठी, की आपल्यासाठी? स्वतःच्या मताचा भरवसा नसला की सरकारात एक उपाय असतो. फाइल संबंधितांकडे अभिप्रायासाठी पाठवायची. हरिदासरावांनी तीन नावं लिहिली आणि फाइल सोसायटीत फिरायला निघाली. इंदुमतीबाईंनी यादीवर नजर टाकली आणि त्या भाजी चिरायला गेल्या.

पहिले काकासाहेब. हे साताऱ्याकडचे, लष्करातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले. दर चौदा जानेवारीला पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाऊन डोकं टेकवून यायचे, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्यापाशी एकच उदाहरण होतं.

"सबनीस, आपण पानिपतावर का हरलो?"

"का बरं?" हरिदासरावांनी विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं, पण माणूस दुखवू नये.

"रसद! पुण्यापासून लांब आणि पोटाला दाणा नाही. पोरीला शिष्यवृत्ती मिळतीय तिथंच छावणी टाकायची. संपलं!" मग त्यांनी फाइलीतलं बर्फाचं टिपण वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "पण ही थंडी... सबनीस, थंडीचे कपडे नव्हते, हे दुसरं कारण." त्यांनी टिपणात लिहिलं: 'रसदेच्या दृष्टीने ब योग्य. थंडीच्या दृष्टीने ब घातक. पानिपत विसरू नये.'

दुसऱ्या हेमलताबाई, मराठी मंडळाच्या चिटणीस. त्यांचा भाचा अविनाश अमेरिकेत होता, त्यामुळे तो सगळा देश त्या घरचाच समजत. "पॉलिसी म्हणजे विम्याची का हो?" त्यांनी आधी विचारलं. समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "असं होय. मग त्याला शिकायला काय लागतं, दिल्लीत सगळे जन्मतःच करतात की." फाइल त्यांनी चार दिवस ठेवून घेतली आणि लिहिलं: 'दोन्ही ठिकाणांहून चि. अविनाशचे घर किती लांब पडते ते आधी कळावे. सोबत थालीपिठाची भाजणी दोन किलो पाठवायची आहे.' हरिदासरावांनी नकाशा घेऊन अंतर मोजलं. एकीकडून साडेआठशे मैल, दुसरीकडून नऊशे. त्यांनी ते प्रामाणिकपणे फाइलीवर नोंदलं. भाजणी फ्लॅग 'ड' झाली नाही, एवढंच.

तिसरा राजवीर. हा वरच्या मजल्यावरचा, वय चाळीस, धंदा जमिनींचा. गुडगावकडे जिथे काल मोहरी होती तिथे आज टॉवर कसे उभे राहतात, हे गुपित त्याला माहीत होतं.

"अंकलजी, ये तो सीधी बात है. लोकेशन!" त्यानं फाइल हातात घेऊन वजन केलं. "राजधानी मतलब कॉर्नर का प्लॉट. महंगा है, पर कल को बिकेगा. छोटा शहर मतलब अंदर की गली. वैसे वहाँ गज का क्या रेट चल रहा है?"

हरिदासरावांना दर माहीत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना न वाचलेली गोष्ट निघाली, आणि त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

"छोड़िए, मैं देख के लिख दूँगा," राजवीर म्हणाला आणि फाइल घेऊन गेला. तो दिवस गुरुवार, दहा एप्रिल.

शनिवारी हरिदासरावांनी दबकत त्याची बेल वाजवली. राजवीरनं टेबल पाहिलं, कपाट पाहिलं, कपाळाला हात लावला. शुक्रवारी तो जमिनीच्या नोंदणीला चौदा फायलींचा गठ्ठा घेऊन गेला होता. परत आल्यावर पावत्या मोजल्या तर पंधरा होत्या. त्याला वाटलं होतं, कचेरीच्या बाबूनं चुकून एक जास्त दिली.

कचेरी गुडगावच्याही पुढे होती. कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळ्या कचेऱ्या दुपारी जेवायच्या सुट्टीत सारख्याच दिसतात. शनिवारी ती बंद. रविवारी अर्थातच बंद. सोमवारी चौदा एप्रिल, आंबेडकर जयंतीची सुट्टी. उरला मंगळवार. पंधरा तारीख.

नवा फॉर्म मागवावा म्हणून क्षिप्रानं बूथवरून फोन लावला, तर तिकडे शनिवारची पहाट. फॅक्सनं मागणी करावी म्हटलं तर इकडे वीज गेली. वीज आली तेव्हा फॅक्सचा कागद संपला होता. क्षिप्रा चिडली नाही, आणि ते हरिदासरावांना फार लागलं. ती फक्त म्हणाली, "आजोबा, तीन जणांची मतं घेतली तुम्ही. मी तुमचं मागितलं होतं."

त्या दोन दिवसांत हरिदासराव शब्दकोशाच्या वाटेला गेले नाहीत.

मंगळवारी सकाळी राजवीरनं त्यांना आपल्या मारुतीत घातलं. डोंगरातल्या रस्त्यानं जाताना त्यानं तीनदा माफी मागितली, आणि मधेमधे कुठला तुकडा कितीला गेला तेही तो सांगत होता. हरिदासराव मनात अर्जाचा मसुदा करत होते. 'विनंती अशी की...' पुढे जमत नव्हतं.

कचेरीत खिडकीमागे एक पिकल्या मिशांचे बडे बाबू बसले होते. हरिदासरावांनी चाचरत विषय सांगताच ते ताडकन उभे राहिले.

"ये फाइल आपने बनाई है?"

"जी... गलती से..."

"अरे साहब, बैठिए! कुर्सी लाओ भई!" बड्या बाबूंनी बदामी फाइल कपाटातून दोन्ही हातांनी काढली. "तीस साल की नौकरी में ऐसी फाइल नहीं देखी. फ्लैग देखो, नंबर देखो, हाशिया देखो. मैं तो समझा ऊपर से आई है. मैंने खुद डायरी में चढ़ाई." त्यांनी आवाज खाली आणला. "मराठी पूरी तो नहीं आती, पर अक्षर तो वही हैं, पढ़ ली. और पानीपत तो अपना ही है जी."

छत्तीस वर्षांत मंत्रालयात हरिदासरावांच्या समासाचं कुणी कौतुक केलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. "तो फिर... मिल जाएगी?"

"ना जी." बाबू पुन्हा बाबू झाले. "डायरी हो चुकी. अब ये इस दफ़्तर की फाइल है. बिना निपटारे के बाहर नहीं जा सकती."

"पर यह आपके दफ़्तर का विषय ही नहीं है!" राजवीर ओरडला.

"विषय की बात अलग है, डायरी की अलग," बाबू शांतपणे म्हणाले. आणि दुःख असं, की हरिदासरावांना ते पटलं. आवक नोंद झालेला कागद निकालाशिवाय बाहेर जात नाही, नियम तोच होता. त्यांनी स्वतः तो दोन माणसांना शिकवला होता.

बाबूंनी शेवटचं पान उघडलं. "कमी एक ही है साहब. सबकी राय है. फ़ौजी साहब की है, बहनजी की है. फ़ैसला किसी का नहीं. यहाँ तो दो पार्टियाँ बन गई हैं, पटवारी राजधानी बोलता है, मैं छोटा शहर. आप फ़ैसला लिख दो, नीचे दस्तख़त करो, मैं 'निपटाया' की मोहर मार के अभी डिस्पैच करता हूँ."

"मैं लिखूँ?"

"और कौन लिखेगा? आप से ऊपर तो इस फाइल में कोई है नहीं."

हरिदासरावांनी पेन काढलं. सवयीनं हात लिहायला लागला, 'वरील अभिप्राय पाहता अर्जदाराने स्वतः निर्णय...' आणि थांबला. वाक्य गोंडस होतं, न्यायाचं वाटत होतं. पण ते फाइल पुढे ढकलणंच होतं, यावेळी बावीस वर्षांच्या पोरीच्या अंगावर. तिनं आदेश मागितला नव्हता. तुम्हाला काय वाटतं, एवढंच विचारलं होतं. त्यांनी ते वाक्य खोडलं. त्यांच्या हातून फाइलीवर पडलेली ही पहिली खाडाखोड. बडे बाबू हळहळले.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. लहान गावाच्या पत्राला लावलेला फ्लॅग 'क', म्हणजे शिष्यवृत्तीचा कागद, टाचणी काढून सोडवला आणि राजधानीच्या पत्राला लावला. आता पैसे राजधानीकडे, लहान गाव रिकाम्या हातांनी. ते त्या दोन कागदांकडे बराच वेळ बघत बसले. डोळ्यांसमोर गोठलेली नदी आली, सहा नंबरची बस आली, आणि मग ते सगळं मुद्दाम बाजूला सारून त्यांनी फक्त क्षिप्राला डोळ्यांसमोर आणलं. सकाळी सहाला बादली भरता भरता प्रश्न विचारणारी. आणि समोर ती चारशे पानांची बाई, त्याच प्रश्नावर आयुष्य काढलेली. कागद इकडचा तिकडे गेला, पण मन जागचं हललं नाही.

त्यांनी लिहिलं:

'शिष्यवृत्ती दोन्ही बाजूंना लावून पाहिली. लहान गाव. शिष्यवृत्ती तिथे नसती तरी हेच म्हटले असते, कारण हिचा प्रश्न ज्यांना कळेल त्या बाई तिथे आहेत. शिष्यवृत्ती आहे हे उत्तमच. हे मत माझे आहे.'

खाली 'सादर' लिहायची राहिलेली जागा रिकामी दिसत होती. तिथे त्यांनी सही केली. बड्या बाबूंनी ठप्पा मारला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या पटवाऱ्याकडे बघून मिशीला पीळ दिला.

साडेतीनला ते घरी पोहोचले. क्षिप्रानं शेवटचं टिपण उभ्या उभ्या वाचलं. मग पहिल्यापासून सगळं वाचलं, पानिपतापाशी हसली, भाजणीपाशी खूप हसली, आणि पुन्हा शेवटचं वाचलं.

"नसती तरी हेच म्हटलं असतं? पक्कं?"

"पक्कं," हरिदासराव म्हणाले. आपल्या तोंडून हा शब्द ऐकून त्यांनाच कुतूहल वाटलं. मग त्यांनी दहा मिनिटं, न थांबता, पाण्याच्या बिलावर भाषण केलं. क्षिप्रानं ते ऐकता ऐकताच फ्लॅग 'ब'च्या फॉर्मवर सही केली.

"थँक यू, आजोबा. मी चिल्लर विचार करतेय की काय, अशी भीती वाटत होती. आता नाही वाटत."

ती पाकिटावर पत्ता घालत होती, तेव्हा हरिदासराव आत गेले. शब्दकोश काढला. तो आपल्या जागी उघडला. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि उभ्यानंच तीन ओळी लिहिल्या. मागे वळले तर दारात इंदुमतीबाई.

"हॉलंड का?"

"तुला माहीत आहे?"

"अडतीस वर्षं शब्दकोशावरची धूळ मी पुसते." त्या कपाटाशी गेल्या. "सतरा जणांना विचारलंत तेव्हा तुम्ही. या वेळी तिघांना. प्रगती आहे."

हरिदासरावांना यादी आठवली. दोन्ही याद्या आठवल्या. "तुला विचारायला हवं होतं," ते अगदी हळू म्हणाले. "तू काय म्हणाली असतीस?"

इंदुमतीबाईंनी कपाटाच्या खालच्या खणातून हरिदासरावांचा करड्या लोकरीचा जुना स्वेटर काढला. दिल्लीच्या थंडीला भलताच जाड होता तो. जानेवारीतले आठ दिवस सोडले तर हरिदासरावांना त्यात घाम यायचा, आणि बायकोचा अंदाज चुकला असं समजून त्यांनी जन्मभर तो मुकाट्यानं घातला होता.

"हा कुठल्या साली विणला मी?"

हरिदासरावांनी आठवून पाहिलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एकोणसाठचा मार्च महिना होता. मार्चमध्ये दिल्लीत कुणी स्वेटर विणत नाही.

त्यांनी पेन पुन्हा उघडलं आणि त्या तीन ओळींखाली चौथी लिहिली. इंदुमतीबाईंनी स्वेटरची घडी घातली आणि बाहेर हाक मारली, "क्षिप्रा, हा तुझ्या बॅगेत टाक. मोठा होईल तुला, पण आतून घातलास तर चालेल. चला, पोस्ट पाचला बंद होतं."

पोस्टातल्या खिडकीवर पावणेपाचला क्षिप्राचं पाकीट रजिस्टर झालं. शिक्का नीट उठला आहे की नाही हे हरिदासरावांनी चष्मा सावरून पाहिलं. पंधरा, चार, सत्त्याण्णव. मग त्यांनी खिशातलं दुसरं पाकीट पुढे केलं. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला, वजन केलं.

"ये भी अर्जंट है, अंकल?"

हरिदासरावांनी थोडा विचार केला. पत्रात लिहिलं होतं: 'आपले १२ मार्च १९५९ चे पत्र मिळाले. उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल क्षमस्व. काही कारणांनी मला येता आले नाही. मात्र माझी पत्नी तयार होती, याची कृपया नोंद घ्यावी.'

"हो," ते मराठीतच म्हणाले, आणि तिकिटं चिकटवून, पेटीच्या तोंडाशी क्षणभर धरून, त्यांनी पाकीट आत सोडलं.